पैकीच्या पैकी वीस

दहावीचा निकाल लागला की रत्नागिरीत दरवर्षी एक ठरलेला सोहळा होतो. कोकण विभाग राज्यात पहिला आल्याची बातमी येते, शाळांच्या फाटकांवर फलक झळकतात, पेढे वाटले जातात आणि ‘कोकणातली पोरं मुळातच हुशार’ या समाधानात गाव चार दिवस सुखाने राहते. आकडे खरोखरच डोळे दिपवणारे आहेत. २०२३ साली कोकण विभागाचा निकाल ९८.११ टक्के लागला, २०२४ साली ९९.०१ आणि २०२५ साली ९८.८२. याच तीन वर्षांत राज्याचा निकाल अनुक्रमे ९३.८३, ९५.८१ आणि ९४.१० टक्के होता. उत्तीर्ण होण्यात आम्ही राज्याच्या पुढे आहोत, याविषयी वाद नाही. वाद आहे तो या उत्तीर्णतेच्या पोटात दडलेल्या एका विषयाविषयी आणि त्याच्या मोजमापाविषयी. तो विषय म्हणजे इंग्रजी.

मराठीच्या अध्यापकाने इंग्रजीच्या मूल्यमापनावर लिहावे, हे काहींना आगाऊपणाचे वाटेल. वाटो. मराठी माध्यमातल्या मुलाला इंग्रजी किती येते, हा प्रश्न इंग्रजी विभागाच्या मालकीचा आहे असे आपण इतकी वर्षे मानत आलो आणि त्यातूनच आजची स्थिती उद्भवली, असे माझे मत आहे. ते या लेखात मी शक्य तितक्या स्पष्टपणे मांडणार आहे.

सुरुवात एका प्रसंगाने करतो. काही वर्षांपूर्वी अकरावीतली एक विद्यार्थिनी मधल्या सुट्टीत माझ्याकडे एक कागद घेऊन आली. राजापूर तालुक्यातल्या एका वाडीतली मुलगी, दहावीला इंग्रजीत ८४ गुण. कागद एका शिष्यवृत्तीसंबंधीचा होता, जेमतेम सहा ओळींचा, इंग्रजीत. मी तिला तो मोठ्याने वाचायला सांगितला. तिने तो न अडखळता, स्वच्छ वाचला. ‘आता यात काय म्हटलंय ते सांग,’ असे म्हटल्यावर ती गप्प झाली. त्या सहा ओळींत एवढेच लिहिले होते की, जोडलेल्या दाखल्यावर सही नसल्यामुळे अर्ज परत पाठवला आहे, सही घेऊन तो अमुक तारखेच्या आत पुन्हा पाठवावा. ती तारीख उलटून दोन दिवस झाले होते. कागद आठवडाभर तिच्या दप्तरात होता. इंग्रजीच्या शिक्षकांना विचारायची तिला लाज वाटली. ज्या विषयात ८४ गुण मिळाले त्यातली सहा ओळींची चिठ्ठी कळत नाही, हे कोणत्या तोंडाने सांगायचे? शिष्यवृत्ती गेली. मी सहज विचारले, ‘तोंडी परीक्षेत किती होते?’ ‘वीसपैकी वीस, सर.’ ‘काय विचारलं होतं तोंडीला?’ ती म्हणाली, ‘वही तपासली होती.’

वही तपासली होती! आमच्या इंग्रजीच्या मूल्यमापनावर याहून नेमके भाष्य मला आजवर कुठे वाचायला मिळालेले नाही.

हा एका मुलीचा अपवाद आहे असे कोणी म्हणू नये. ‘असर’च्या २०२३ सालच्या अहवालात १४ ते १८ वयोगटातल्या ग्रामीण मुलामुलींची पाहणी आहे. तीत ५७.३ टक्के मुलांना इंग्रजी वाक्ये वाचता आली. आणि ज्यांना ती वाचता आली त्यांच्यापैकी ७३.५ टक्क्यांना त्यांचा अर्थ सांगता आला. म्हणजे वाचू शकणाऱ्या दर चार मुलांपैकी एक मूल वाचते, पण समजत नाही. ती वाक्येही काही शेक्सपिअरची नव्हती. अगदी सोपी, रोजच्या व्यवहारातली होती. हा आकडा देशातल्या निवडक जिल्ह्यांचा आहे, रत्नागिरीचा नव्हे. परंतु या पाहणीने जी एक साधी गोष्ट केली ती आमच्या परीक्षा करत नाहीत, हा माझा मुद्दा आहे. वाचून झाल्यावर तिने मुलाला त्याच्या भाषेत अर्थ विचारला.

महाराष्ट्रात इंग्रजी पहिलीपासून सुरू झाली ती २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. तोवर मराठी शाळेत ती पाचवीपासून असे. त्या निर्णयावर त्या वेळी भरपूर शाई खर्ची पडली. मराठी मरणार इथपासून बहुजनांच्या पोरांना वाघिणीचे दूध मिळणार इथपर्यंत सर्व काही लिहून झाले. मात्र दहा वर्षे इंग्रजी शिकलेल्या मुलाला दहाव्या वर्षअखेर नेमके काय यायला हवे आणि ते आले की नाही हे कसे ताडायचे, या प्रश्नावर त्या गदारोळात फारसे कोणी बोलले नाही. दूध पाजायचे की नाही यावर आपण भांडलो. ते अंगी लागले का, हे पाहायचे राहून गेले.

मधल्या काळात एक प्रसंग असा आला की, हा प्रश्न टाळताच येऊ नये. २०१९ सालच्या दहावीच्या परीक्षेत भाषा विषयांचे वीस अंतर्गत गुण काढून घेण्यात आले आणि शंभर गुणांची लेखी परीक्षा झाली. राज्याचा निकाल २०१८ साली ८९.४१ टक्के होता, तो ७७.१० वर आला. आमचा कोकण विभाग ९६ वरून ८८.३८ वर घसरला. पहिला क्रमांक तेव्हाही आमचाच होता, हे खरे. मग काय विचारता! अन्य मंडळांच्या मुलांना अंतर्गत गुण मिळतात, आमच्यावरच अन्याय का, असा एकच कोलाहल उठला. पुढल्याच शैक्षणिक वर्षापासून वीस गुण परत आले आणि २०२० साली राज्याचा निकाल ९५.३० टक्के लागला, कोकणाचा ९८.७७. ही चढउतार केवळ वीस गुणांची, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. अभ्यासक्रम आणि प्रश्नपत्रिकेचे स्वरूपही त्या सुमारास बदलले होते. पण शाळा, पालक, पुढारी या सर्वांनी घसरणीचे निदान वीस गुण हेच केले आणि औषध म्हणून तेच वीस गुण परत मागितले. जे देण्याने निकाल फुगतो आणि काढून घेण्याने कोसळतो, ते गुण कशाचे मोजमाप करत होते, हे मात्र कोणी विचारले नाही.

माझ्या मते त्या वादात दोन्ही बाजू चुकल्या. तोंडी परीक्षा काढून टाकणाऱ्यांनी असे मानले की, बोलणे आणि ऐकणे हा भाषेचा भाग नाही. भाषा म्हणजे तीन तासांत कागदावर उतरते तेवढीच. ती परत आणणाऱ्यांनी असे मानले की, बोलणे आणि ऐकणे ही गरिबांना वाटायची खिरापत आहे. एकाने भाषेची जीभ कापली, दुसऱ्याने तिच्यावर साखर ठेवली. ती जीभ हलते की नाही, हे कोणीच पाहिले नाही. आणि हे कुठे? ज्या गावाने मराठी साहित्याला अंतू बर्वा दिला, ज्या गावात वाण्याच्या दुकानासमोर उभा राहिलेला माणूसही बोलण्याने समोरच्याची हजेरी घेतो, त्या रत्नागिरीत तोंडी परीक्षा वही तपासून होते!

आता लेखी परीक्षेकडे वळू. मराठी माध्यमातल्या दहावीच्या विद्यार्थ्यासाठी इंग्रजी ही तृतीय भाषा आहे आणि तिचे ‘माय इंग्लिश कोर्सबुक’ हे पाठ्यपुस्तक मुळीच वाईट नाही, हे आधी नमूद केले पाहिजे. त्यात संवाद आहेत, खेळ आहेत, मुलाला बोलते करण्याचा प्रयत्न आहे. परंतु पुस्तक शिकवते एक आणि परीक्षा बक्षीस देते दुसऱ्याला. प्रश्नपत्रिकेचा आराखडा इतका ठरीव झाला आहे की, कितव्या प्रश्नात काय येणार हे मूल झोपेतही सांगेल. पत्राचा मायना पाठ, भाषणाची सुरुवात पाठ, बातमीचा मथळा पाठ. कवितेच्या रसग्रहणाची तर आम्हा साहित्याच्या लोकांना शरम वाटावी अशी गत आहे. कवितेचे नाव, कवीचे नाव, यमकांची रचना, एक अलंकार आणि ‘ही कविता मला आवडली कारण’ यापुढचे तयार वाक्य. कोणतीही कविता घाला, रसग्रहण तेच. गाईड आणि अपेक्षित प्रश्नसंच यांच्या आधारे मूल सत्तरी गाठते. ते इंग्रजी शिकलेले नसते. ते इंग्रजीची प्रश्नपत्रिका शिकलेले असते. या दोहोंतला फरक ज्या दिवशी सहा ओळींचा कागद येतो त्या दिवशी कळतो.

आणि या प्रश्नपत्रिकेत जो एक प्रश्न मुलाला खरोखर समजले का हे उघड करतो, त्या भाषांतराला अवघे पाच गुण! काही शब्द, एकदोन वाक्ये आणि एक म्हण एवढ्यावर त्याची बोळवण होते. ज्या पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढल्या त्यांचे उच्चार कदाचित विनोदी असतील. पण वाक्याचा अर्थ लागला नाही तर पुढे सरकता येत नाही, ही शिस्त त्यांच्या अंगात मुरली होती. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचे शालेय शिक्षण याच रत्नागिरीत झाले. त्यांनी पुढे संस्कृतची जी पाठ्यपुस्तके रचली ती दोन्ही दिशांच्या भाषांतरावर उभी आहेत. संस्कृतातून इंग्रजीत न्या आणि इंग्रजीतून संस्कृतात आणा. अशा भाषांतरात लबाडी करता येत नाही. मधल्या काळात ‘मातृभाषेचा आधार घेतला की इंग्रजी बिघडते’ अशी एक समजूत अध्यापनशास्त्रात रूढ झाली आणि आपण ती निमूटपणे स्वीकारली. परिणाम असा की, मराठी मुलाच्या इंग्रजीची परीक्षा घेताना त्याच्या मराठीला वर्गाबाहेर उभे करण्यात येते.

वस्तुतः त्याच्या इंग्रजीतल्या चुका त्याच्या मराठीशिवाय वाचताच येत नाहीत. ‘ही सेड दॅट आय ॲम कमिंग’ हे वाक्य एका मुलाने लिहिले आणि परीक्षकाने त्यावर लाल फुली मारली. म्हणायचे होते, ‘मी येतो, असे तो म्हणाला.’ मराठीत दुसऱ्याचे बोलणे सांगताना आपण त्याचा ‘मी’ आणि त्याचा काळ तसाच राखतो. इंग्रजी दोन्ही बदलते. मुलाने चूक केली ती अज्ञानाने नव्हे, एका भाषेचा नियम दुसऱ्या भाषेत इमानाने पाळल्यामुळे. तीच गोष्ट ‘अँग्री ऑन मी’ची, आपण माणसा‘वर’ रागावतो, म्हणून ‘ऑन’. तीच ‘आय ॲम गोइंग टुमॉरो’ आणि ‘आय गो टुमॉरो’ यांतल्या घोटाळ्याची. ‘उद्या मी जातो’ हे मराठीत बिनचूक आहे. निघताना ‘येतो’ म्हणणाऱ्या आणि अजून उंबऱ्याच्या आत असताना ‘आलोच’ म्हणणाऱ्या माणसाला इंग्रजी काळांचे कोष्टक पाठ करायला लावण्याआधी त्याच्या भाषेत काळ कसा चालतो हे त्याला दाखवायला नको का? हे कोण दाखवणार? इंग्रजीच्या शिक्षकाला मराठी व्याकरणाशी कर्तव्य नाही. मराठीच्या शिक्षकाला, म्हणजे मला, इंग्रजीशी कर्तव्य नाही. मूल या दोन खोल्यांच्या मधल्या पडवीत उभे.

हा प्रश्न आपल्यापुरता नाही. चिनी भाषक विद्यार्थ्यांच्या इंग्रजीचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. चिनी भाषेत क्रियापद काळानुसार रूप बदलत नाही आणि बोलताना ‘तो’ व ‘ती’ यांचा उच्चार एकच. साहजिकच चिनी मुलगा इंग्रजी बोलताना ‘ही’ आणि ‘शी’ यांची गल्लत करतो, जी आपला मुलगा सहसा करत नाही. उलट ‘अ’ आणि ‘द’ ही उपपदे दोघांनाही छळतात, कारण दोघांच्याही भाषेत ती नाहीत. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा आपल्याला इतका प्रिय असलेला भेद उत्तरेकडच्या चिनी बोलीतही आहे. इंग्रजीच्या एकाच ‘वुई’मध्ये तो दोघांचाही बुडतो. आता या दोन मुलांना सारख्याच चुका केल्या म्हणून सारखेच गुण देणारी परीक्षा न्याय्य म्हणता येईल. पण ती त्यांच्या शिक्षकाला काहीही सांगत नाही. चीनने २०१८ साली इंग्रजीच्या क्षमतेची स्वतःची राष्ट्रीय मोजपट्टी जाहीर केली. ऐकणे, बोलणे, वाचणे, लिहिणे यांबरोबर तोंडी आणि लेखी भाषांतर हीही तीत स्वतंत्र क्षमता मानली आहे. तिथल्या विद्यापीठ-प्रवेशाच्या परीक्षेत इंग्रजी ऐकून उत्तरे द्यावी लागतात. चीनच्या परीक्षापद्धतीचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. ती मुलांना किती पिळून काढते हे सर्वश्रुत आहे. परंतु ज्यांची भाषा इंग्रजीपासून आपल्याहूनही दूर आहे त्यांनी भाषांतर ही क्षमता मानावी आणि आपण तिला पाच गुणांच्या कोपऱ्यात बसवावे, याचा विचार व्हायला हवा.

शाळेच्या परीक्षेला अर्थ उरला नाही की, समाज आपली परीक्षा सुरू करतो. ती अधिक क्रूर असते. मुलाखतीच्या खोलीत, बँकेच्या काउंटरवर, शहरातल्या महाविद्यालयात पहिल्या दिवशी ती घेतली जाते; आणि तीत ज्ञान मोजले जात नाही, उच्चार मोजला जातो. ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ यांत फरक न करणारा मुलगा तोंड उघडताच नापास होतो. मुरूडहून सहावीच्या परीक्षेसाठी पायी साताऱ्याला गेलेल्या धोंडो केशव कर्व्यांना ‘वय सतरा दिसत नाही’ म्हणून परीक्षेलाच बसू दिले नव्हते, ही कथा आपण शाळेत ऐकलेली आहे. काय येते ते न पाहता कसा दिसतो ते पाहण्याची ही रीत जुनीच म्हणायची. आता कसा दिसतो याच्या जोडीला कसा वाजतो हेही पाहतात, इतकेच. विपर्यास असा की, शाळेने पैकीच्या पैकी वीस गुण देऊन ज्याला वाचवले, त्यालाच हा समाज दारातून परत पाठवतो. आणि तेव्हा त्याच्या हाती गुणपत्रिकेखेरीज काही नसते.

माझ्या भूमिकेवर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो वजनदार आहे. इंग्रजी आणि गणित या दोन विषयांनी आजवर खेड्यापाड्यांतल्या किती मुलांची शाळा संपवली, याची आठवण करून दिली जाईल. दहावी नापास हा शिक्का घेऊन मुंबईची गाडी पकडणाऱ्या पिढ्या कोकणाने पाहिल्या आहेत. वीस गुणांच्या आधाराने पोर पुढे सरकत असेल तर तुमचे काय जाते? काहीच जात नाही. ते पोर पुढे सरकावे अशीच माझी इच्छा आहे. इंग्रजी येत नाही म्हणून कोणाचे शिक्षण थांबू नये, याबाबत मी आक्षेपकांच्याही दोन पावले पुढे आहे. पण मग ते उघडपणे करा. उत्तीर्णतेची अट शिथिल करायची तर ती करा. खोटे मोजमाप करून ती शिथिल करू नका. दयेपोटी सांगितलेला चुकीचा ताप हा रोग्यावर उपकार नव्हे. त्या मुलीला कोणी ८४ ऐवजी ‘तुला वाचता चांगले येते, समजायला कमी पडते’ असे दहावीतच सांगितले असते, तर तो कागद घेऊन यायची तिला लाज वाटली नसती.

म्हणून काही गोष्टी सुचवतो. पहिली, इंग्रजीचा एकच ढोबळ आकडा देणे बंद करून वाचणे, ऐकणे, बोलणे, लिहिणे यांचे चार वेगळे शेरे गुणपत्रिकेवर द्यावेत. परदेशी जाणाऱ्यांच्या इंग्रजीच्या परीक्षा असे चार आकडे देतात, मग आपल्या मुलांनाच गोळाबेरीज का? युरोपच्या परिषदेने २००१ साली आखलेली भाषाक्षमतेची चौकटही ‘विद्यार्थी काय करू शकतो’ अशा साध्या वाक्यांतच बोलते. दुसरी, तोंडी परीक्षा त्या शाळेच्या शिक्षकाने न घेता शेजारच्या शाळेच्या शिक्षकाने घ्यावी आणि ती ध्वनिमुद्रित व्हावी. प्रत्येक शिक्षकाच्या खिशात आज त्याचे साधन आहे. तिसरी, भाषांतराला पाचऐवजी वीस गुण असावेत, दोन्ही दिशांनी, आणि उतारे पाठ्यपुस्तकाबाहेरचे असावेत. त्यात एसटीच्या आगारातली सूचना असावी, औषधाच्या बाटलीवरचा मजकूर असावा, बँकेचे पत्र असावे. चौथी, हे उतारे मराठी आणि इंग्रजीच्या शिक्षकांनी एकत्र बसून तपासावेत.

या शेवटच्या सूचनेने दोन्ही विभागांत नाराजी पसरेल याची मला कल्पना आहे. मराठीचे प्राध्यापक म्हणून आपण इंग्रजीच्या आक्रमणावर परिसंवाद भरवतो. अकरावी-बारावीला इंग्रजी सक्तीची आणि मराठीला मात्र माहिती तंत्रज्ञानाचा पर्याय, या अन्यायावर तावातावाने बोलतो. ते बोललेच पाहिजे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण फुगड्या घालायच्याच काय त्या बाकी ठेवल्या. पण मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलाला सहा ओळींची इंग्रजी चिठ्ठी कळली नाही, तर त्याचा बाप धाकट्या भावंडाला मराठी शाळेत घालणार नाही, हे आपल्या ध्यानात येत नाही. मराठी शाळेच्या पटाचा प्रश्न आणि मराठी शाळेतल्या इंग्रजीच्या खऱ्या मोजमापाचा प्रश्न हे दोन प्रश्न नाहीत. जी शाळा ‘इथे इंग्रजी इतके येते आणि इतके येत नाही’ असे प्रामाणिकपणे सांगेल, तिच्यावर पालक विश्वास ठेवतील. जी पैकीच्या पैकी वाटत राहील, तिच्यावर ते पेढे खाऊनही ठेवणार नाहीत.

ती मुलगी पुढे बारावी झाली, चांगल्या गुणांनी झाली. इंग्रजीच्या तोंडी परीक्षेत या वेळी काय विचारले, हे मी तिला मुद्दामच विचारले नाही. उत्तर मला ठाऊक होते. त्या वीस गुणांवर सही करणारे माझेच सहकारी होते आणि मराठीच्या वीस गुणांवरची सही माझी होती. तिच्या मराठीच्या तोंडी परीक्षेला मी काय केले होते, असे आता वाचक विचारतील. त्या वर्षी वर्गात एकशे वीस मुले होती, वेळ दोन दिवसांचा होता, आणि मीही वहीच तपासली होती.